लिंबाजीचा वाख, माझं तांबं

लिंबाजी, तुझं तेरावं करून मी जालन्याला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी कापसाच्या प्रेसमध्ये पंपाजवळचा एक जोड गळायला लागला. मोठं काही नव्हतं. पंप थांबवला, नळ खोलला, तांब्याची कडी लाल करून पाण्यात बुडवली, तोंडावर बसवली आणि पाना मारला. पण काम चालू असताना माझ्या ध्यानात आलं की आसपासची माणसं हातातलं टाकून उभी आहेत. हमाल, तेलवाला, बायलरवरचा करीमभाई, सगळेच. ही कशाची वाट बघतायत, मला आधी कळेना. मग कळलं. मी तांब्याची कडी हातात घेतली की तू पाठीमागून काहीतरी टोचून बोलणार, मी उलटा बोलणार, आणि जोड बसेपर्यंत आपलं जुंपणार, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. या खेपेला कुणी काही बोललं नाही. जोड कोरडा राहिला. करीमभाई एवढंच म्हणाला, "आज बडी जल्दी हो गया काम," आणि बायलरकडं निघून गेला.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गिरजानं विचारलं तर मी उन्हाचं कारण सांगितलं.

तू काय होतास ते लोक तेराव्याला बोललेच. फिटर होता, हाताचा पक्का होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. पण तू भांडखोर होतास हे कुणी बोललं नाही, आणि मला तर तोच लिंबाजी ठाऊक आहे. म्हणून हे लिहितो.

आपण साडू झालो तेव्हा मी तुला अहोजाहो करत होतो. माझ्या लग्नाच्या मांडवात तू माझ्याशेजारी येऊन बसलास. तुझी बायको म्हणजे माझ्या गिरजाची थोरली बहीण, आपली अक्का, तिनंच तुला पाठवलं होतं नव्या जावयाला बोलतं करायला. तू म्हणालास, "साडभाऊ, शेतात दोघं भाऊ हायेत ना तुमचे? मंग तिसरा कशाला पाहिजे? जालन्याला चला. प्रेसमधी लावून देतो." मी विचारलं, तिथं काय काम असतं. तू म्हणालास, "पाण्याला कोंडायचं काम." मला वाटलं विहिरीचं किंवा मोटेचं काहीतरी असेल.

नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला आपलं प्रेस. जीनात सरकी निघून आलेली रुई तिथं लोखंडी पेटीत भरायची, आणि खालून जाडजूड लोखंडी खांब वर येऊन ती दाबायचा. घरभर पसरेल एवढी रुई दाबून एका गाठीत बसायची आणि गाठ लाकडासारखी टणक व्हायची. तो खांब कोण उचलतं, तर पाणी. पंप ते पाणी बोटभर भोकाच्या नळातून असं रेटायचा की त्या दाबाचं घड्याळ बघूनच मी दोन पावलं मागं सरायचो. नळ जाड होते, पंप भक्कम होता. भीती होती ती जोडांची. नळाला बाहेरून आटे, कोपराला, म्हणजे नळ वळवणाऱ्या वाकड्या तुकड्याला, आतून आटे, एकात एक फिरवून बसवायचे. डोळ्यांना घट्ट दिसायचं. पण आट्याला आटा कितीही बसला तरी मधे केसाएवढी वाट राहतेच, आणि पाणी ती वाट गोल गोल फिरून धुंडाळून काढतं. ती वाट बुजवणं हे तुझं काम, आणि पुढं माझं.

तू वाखवाला. अंबाडीचा वाख, ज्याचे आपल्याकडं दोर वळतात, तो तू गावाकडून आणायचास. विंचरून त्याचे तंतू केसासारखे मोकळे करायचास. मग सफेदा, म्हणजे शिशाची पांढरी पूड, जवसाच्या तेलात मळून लोण्यासारखा करायचा, वाखाला चोळायचा, आणि वाख आट्यांवर गुंडाळायचा. तू मला पहिल्यांदा शिकवलंस ते हेच. माझा गुंडाळलेला वाख पाना मारताच बाहेर आला, लोंबायला लागला. तू हसला नाहीस. माझा हात धरून उलट्या बाजूनं फिरवलास आणि म्हणालास, "जिकडं आटा फिरतो तिकडंच वाख फिरला पाहिजे. न्हाई तर तू आत ढकलून राह्यला आन् तो बाहेर येऊन राह्यला. पहिला आटा उघडा ठेव. त्याला वाट दिसू दे."

तुझ्या बोटांत हे कुठून आलं ते मला उशिरा कळलं. आपल्या दोघांच्याही घराण्यात आज्यापर्यंत मेंढरं होती. माझ्या आज्यानं मेंढरं विकून जमीन धरली आणि आम्ही लोकर विसरलो. तुझा आजा मात्र मरेपर्यंत चालता चालता लोकर कातत होता आणि तू त्याच्या मागं हिंडत होतास. तंतूला पीळ कुठल्या बाजूनं द्यायचा हे तुला चालायला शिकल्याबरोबर आलं होतं.

मी कामाला लागलो त्याच हंगामात तुझं बोट गेलं. एका जोडातून फुस्स असा आवाज येत होता, पण पाणी दिसत नव्हतं. तू सवयीनं डावा हात जोडाभोवती फिरवलास आणि झटकन मागं घेतलास. "सुई टोचल्यावाणी झालं," एवढंच म्हणालास. बोटावर ठिपका होता, रक्तसुद्धा नव्हतं. मी म्हणालो, काही नाही झालं. तू म्हणालास, "माहा आजा मेंढराची जखम बघायचा. वरून मोठी असली तर भ्यायचा न्हाई. वरून टाचणीएवढी असली की भ्यायचा." दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. केसाएवढ्या धारेनं पाणी कातडी भेदून आत मांसात शिरलं होतं. दवाखान्यात बोट कापावं लागलं.

परत आलास तेव्हा पहिल्यांदा काय केलंस तर पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळक्या काड्यांची, मोळी आणून पंपाशेजारी ठेवलीस. जोड तपासायचा तर वाळकी पऱ्हाटी त्याच्याभोवती फिरवायची, हात नाही. धार असली तर पऱ्हाटीचं टोक तुटून उडायचं. नवीन माणूस आला की तू त्याला काही सांगायचा नाहीस. आपला डावा हात दाखवायचास आणि पऱ्हाटी त्याच्या हातात द्यायचास.

आपलं भांडण सुरू झालं ते मी परभणीकडच्या एका प्रेसवर काही हंगाम काढून आल्यावर. तिथं मी तांब्याची रीत शिकलो. तिथले फिटर म्हणायचे, आट्यांनी फक्त धरून ठेवायचं, पाणी अडवायचं काम त्यांचं नाही. नळाच्या टोकाला कॉलर, कोपराच्या तोंडावर घासून सपाट केलेली जागा, आणि मधे तांब्याची कडी. कडी आधी लाल करून पाण्यात बुडवायची. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ होतं. मग पाना मारला की कडी दोन्ही तोंडांना मेणासारखी चिकटते आणि पाण्याला आट्यांपर्यंत पोचूच देत नाही.

मी हे मोठ्या हौसेनं तुला येऊन सांगितलं. तू तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तांबं म्हणजे पाव्हणा. सपाट पाट मांडला तर बसंल. वाख घरचा हाये. जागा वाकडी असली तरी सरकून बसतो."

"घरचा हाये, पण सडतो," मी म्हणालो. "दाब वाढला की आट्यातून गांडुळावाणी बाहेर येतो. आन् घट्ट व्हावा म्हणून जास्ती भरला तर कोपराचे आटे आतून फाकतात."

"फाकतात ते आडदांडाच्या हातानं. वाखाचा काय गुन्हा?"

तिथून पुढं ते भांडण थांबलं नाही. प्रेसमध्ये, कुंडलिका नदी ओलांडून जुन्या जालन्यात घरी जाताना, सणासुदीला सासऱ्याच्या ओट्यावर. सासरे बिचारे एकदा म्हणाले, "दोन जावई मिळाले, दोन्ही नळाचे." अहोजाहो कधी गळून पडलं ते आठवत नाही, पण भांडणातच पडलं असणार. इतकं चिडून 'तुम्ही' म्हणता येत नाही.

आणि मग लढाईच्या दिवसांतला तो हंगाम.

मुंबईकडून सुटे भाग यायचे बंद झाले होते. तांब्याचा पत्रा तर औषधालाही मिळेना. माझ्याजवळच्या कड्या संपल्या आणि सगळे जोड पुन्हा तुझ्या वाखावर आले. तू खूश होतास असं मी म्हणणार नाही, पण वाख विंचरताना तुझं गुणगुणणं वाढलं होतं. कापूस त्या वर्षी भरपूर आला. आवारात ढीग उघड्यावर पडलेले, आणि दिवाळीनंतरचं आभाळ मंठ्याच्या बाजूनं काळं होत होतं. शेठजी सकाळपासून आभाळाकडं बघत आवारात फिरत होते.

त्या दिवशी दुपारी तू मुख्य कोपराभोवती पऱ्हाटी फिरवलीस. खांबाकडं पाणी नेणारं ते शेवटचं कोपर, आणि गाठीला पट्ट्या बांधणारे हमाल त्याच्या हातभर अंतरावर उभे असायचे. पऱ्हाटी तुटली नाही, नुसती थरथरली. तू पुन्हा फिरवलीस. मग पंप थांबवायची खूण केलीस आणि पाण्याच्या वॉलचं चाक आवळून बंद केलंस.

शेठजी आले. ते वाईट माणूस नव्हते, आणि रागानंही बोलले नाहीत. म्हणाले, "लिंबाजी, पाऊस आला तर एवढा कापूस काळा पडेल. आजच्या गाठी होऊ दे. उद्या सकाळी खोल."

"शेठजी, उद्या खोलायला ते कोपर ऱ्हाईल का, ते मला सांगता येत न्हाई."

"गळत तर नाही."

"गळून राह्यलं असतं तर मी भ्यालो नसतो."

मग हमालांचा मुकादम सखाराम पुढं आला. त्याचा सख्खा धाकटा भाऊ पट्ट्या बांधणाऱ्यांत होता. तो म्हणाला, "लिंबाजीभाऊ, गाठीमागं मजुरी हाये आमची. माझे लोक बसून ऱ्हायले तर घरी काय नेतील?"

तू त्याला फार हळू बोललास. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "सखाराम, बसून ऱ्हायले तर घरी तरी जातील. उभे ऱ्हायले तर जातील का, मला ठाव न्हाई."

आणि तू चाकाला पाठ टेकून खाली बसलास. मी तुझ्याशेजारी बसलो. त्या वेळी आपला काही वाद नव्हता.

सखाराम मागं वळला. मग त्यानं भावाला हाक मारली आणि पट्ट्या खाली ठेवायला सांगितल्या. शेठजींनी ताडपत्र्या काढायचं फर्मान सोडलं. आपण कोपर खोललं. आतल्या आट्याच्या बुडाशी, अर्ध्या गोलात, केसासारखी भेग गेली होती. तू ते कोपर शेठजींच्या हातात दिलंस. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला, नख अडकलं तिथं थांबले आणि म्हणाले, "बराबर आहे. आता पुढं काय?"

ते कोपर का फुटलं यावरही आपण पुढं भांडलो. मी म्हणायचो, वाख जास्त कोंबल्यानं. तू म्हणायचास, ओतकामातच फुगा, म्हणजे हवेची पोकळी, होता. शेवटपर्यंत तू फुग्यावरच होतास.

भंगारात एक जुनं कोपर सापडलं. धड होतं, पण आटे झिजलेले, नळ त्यात खुळखुळायचा. तू त्यावर वाख चढवलास. तुझ्या हातून इतकं सुरेख काम मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी दाब निम्म्यावर येताच वाख आट्यातून वळवळत बाहेर आला. मी म्हणायचो अगदी तसाच, गांडुळासारखा. तू माझ्याकडं पाहिलंस. मी पाना खाली ठेवला. तू म्हणालास, "तांबं कुठं मिळंल?"

"जालन्यात न्हाई."

तू हात धुतलेस आणि घराकडं निघून गेलास. मी तोवर कोपराचं तोंड घासून सपाट करत बसलो. परत आलास तेव्हा तुझ्या खांद्यावर तांब्याचं घंगाळ होतं. सासऱ्यांनी लग्नात अक्काला दिलेलं, जाड बुडाचं. मागून अक्का आणि गिरजा दोघी चालत येत होत्या. प्रेसमध्ये बाया यायच्या नाहीत, त्यांचं काम पलीकडं जीनात. हमाल बाजूला सरले. अक्का सरळ आत आली आणि म्हणाली, "माहेरचं हाये. कापायचंच तर माझ्यासमोर कापा."

तू तिला म्हणालास, "अजून बी न्हाई म्हण. मी परत नेतो."

"पाणी बादलीत बी तापतं," ती म्हणाली आणि रुईच्या बोचक्यावर बसली.

मी छिन्नी लावली. पहिला घाव मला घालवेना, हे तुला तेव्हाच कळलं असणार, कारण तू घंगाळ पायानं दाबून धरलंस आणि दुसरीकडं बघत राहिलास. बुडातून कडी निघाली. मी कानशीनं ती गोल केली. करीमभाईनं चिमट्यात धरून बायलरच्या आगीत घातली आणि लालबुंद झाल्यावर बाहेर काढून पाण्यात सोडली. अक्का सगळं बघत होती. कडी बुडाली तो आवाज ऐकल्यावर ती उठली, उरलेलं घंगाळ पदराखाली घेतलं आणि गिरजाला घेऊन गेली.

मी कडी बसवायला लागलो तर तू मागून हात घातलास आणि नळाच्या आट्यांवर वाखाचा एक पातळ फेरा चढवलास. मी म्हणालो, "आता कडी हाये तर वाख कशाला?"

तू म्हणालास, "दाराला कडी लावली तरी माणूस कुत्रं पाळतोच की."

सगळे हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी हसलं.

मग दाब द्यायची वेळ आली. नवीन जोडावर पहिला दाब चढवताना तू नेहमी करायचास तेच केलंस. मला दंडाला धरून विटांच्या खांबामागं उभं केलंस आणि स्वतः चाकापाशी गेलास. पहिल्या हंगामात मी विचारलं होतं, असं का. तू म्हणालास, "तुला लहान लेकरं हायेत." तेव्हा मला एकच लेकरू होतं आणि तुलाही एक मुलगी होती. पुढं माझी लेकरं मोठी झाली, थोरल्याला मिसरूड फुटलं, तरी तू कारण बदललं नाहीस आणि मी खांबामागं जायचं थांबवलं नाही. याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती. आता बोलतो. तू माझ्या पुढं उभा राहायचास, लिंबाजी, आणि मला ते दर वेळी कळत होतं.

घड्याळाचा काटा चढत गेला. जिथं मघाशी वाख सुटला होता ती खूण ओलांडून वर गेला आणि थांबला. तू पऱ्हाटी घेतलीस, कोपराभोवती वरून, खालून, मागून फिरवलीस. पऱ्हाटी हललीसुद्धा नाही. तू सखारामकडं बघून मान हलवलीस. पट्ट्यावाले जागेवर गेले आणि पहिली गाठ बांधली. पाऊस संध्याकाळी आला, पण हलकाच. बराच कापूस ताडपत्रीखाली होता. शेठजींनी दुसऱ्या दिवशी हमालांना खोळंब्याच्या वेळेचीही मजुरी दिली, हे सखाराम अजून सांगतो.

ते कोपर तेव्हापासून कोरडं आहे. आणि ते तांब्यानं धरलं की वाखानं, हे ठरलं नाही ते नाहीच. मी म्हणायचो, वाख तर एकदा डोळ्यांदेखत बाहेर आला होता. तू म्हणायचास, एकटा होता म्हणून आला. पाठीला तांबं मिळाल्यावर त्यानं झिजलेले आटे भरून काढले, न्हाई तर तुझी कडी नळाच्या खुळखुळ्यानंच कलली असती. खोलून बघितलं असतं तर कळलं असतं. कडीवर पाण्याचा डाग आहे का, वाख ओला आहे का. पण चालत्या जोडाला हात लावायचा नाही, हा एक नियम आपल्या दोघांनाही मान्य होता.

तू जुन्या जालन्यातल्या तांबटाकडून अक्काला नवीन घंगाळ आणलंस. ती म्हणाली पातळ आहे. खरंच पातळ होतं.

या उन्हाळ्यात तुझे डोळे पिवळे झाले. तू गावाकडं गेलास, मंठ्याच्या पुढं, भावांकडं. झाडपाल्याचं औषध चालू होतं. हंगाम संपत आला होता, काम थोडंच होतं, म्हणून मी आणि गिरजा तुला बघायला आलो. मंठ्यापासून बैलगाडीनं. रस्त्यात लोक सांगत होते, हिंदू-मुसलमानांत तेढ वाढलीय, दिवस बरे नाहीत, सांजच्याला प्रवास करू नका.

तू गोठ्याच्या सावलीला बाजेवर पडला होतास. इतका वाळलेला की मी आधी तुझ्या भावाशीच बोलायला लागलो. तू म्हणालास, "आसाराम, इकडं बस." मी बसलो. पाण्यापावसाचं बोललो, करीमभाईचा निरोप सांगितला. तू हूं हूं करत होतास. मला तुला हुशारी आणायची होती. आणि तुला हुशार करायची मला एकच रीत ठाऊक होती. मी म्हणालो, "आपल्या कोपराला अजून थेंब न्हाई बरं का. काहीबी म्हण, तांब्यानं धरलंय."

आणि मी तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो. तुझं उत्तर मला पाठ होतं. पाठीला तांबं मिळालं म्हणून वाखानं धरलं. मी त्याचं उलटं उत्तरही तयार ठेवलं होतं.

तू छपराकडं बघत होतास. म्हणालास, "असंल. तांब्यानंच धरलं असंल. तुहं बराबर हाये."

 मग तू विचारलंस, "जेवले का तुम्ही?" मी म्हणालो, जेवतो. तू डोळे मिटलेस.

मी बाहेर आलो. ओट्यावर गिरजा सुपात डाळ पाखडत होती. तिनं वर बघून विचारलं, "काय म्हणले दाजी?"

"तांब्यानं धरलं म्हणाला."

तिचे हात थांबले. इतकी वर्षं ती हे भांडण चुलीपुढं बसून, सासरी, माहेरी, ऐकत आली होती.  तिनं सूप हळूच खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत बहिणीजवळ जाऊन बसली.

त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस.

तेराव्याला जालन्याहून प्रेसमधली माणसं आली. या दिवसांत करीमभाईनं एवढ्या लांब तुझ्या गावात यावं की नाही, यावर बरीच कुजबूज झाली होती. सखाराम म्हणाला, "माझ्यासोबत येतील. कोण काय बोलतंय बघू." दोघं एका गाडीत आले आणि एका गाडीत गेले. वाटेत त्यांना कुणी काही बोललं नाही. करीमभाई जेवला, अक्कासमोर हात जोडून उभा राहिला. मग अक्कानंच त्याला विचारलं, "घरी सगळे बरे हायेत ना?" तिच्या तोंडून ते ऐकून त्याला रडू आलं. अक्का आता जालन्याला येणार आहे, आमच्याच शेजारच्या खोलीत. तुझी मुलगी सासरी घेऊन जायला तयार होती, पण अक्का म्हणाली, जावयाच्या घरी आठ दिवसांवर माणूस जड होतं. तू असतास तर हेच म्हणाला असतास. तिची काळजी करू नको. गिरजा आहे, मी आहे.

आता त्या तुझ्या 'बराबर'चं.

तू ते म्हणालास हे मी प्रेसमध्ये कुणाला सांगितलं नाही, आणि सांगणार नाही. ते तू नाही म्हणालास, तुझा थकवा म्हणाला. कावीळ उतरली असती, डोळे निवळले असते, दिवाळीपर्यंत तू प्रेसमध्ये परत आला असतास, तर पंपापाशी पोचायच्या आतच शब्द मागं घेतला असतास, आणि मी त्या दिवशी नीट ऐकलं नाही असंही वर म्हणाला असतास. इतक्या वर्षांत तू मला कधी काही आयतं दिलं नाहीस. हे एवढंच आयतं दिलंस, आणि तेवढंच मला घ्यायचं नाही. तेव्हा आपलं ठरलं नाही असंच मी धरतो, लिंबाजी. ते कोपर मी खोलणार नाही.